साध्या शब्दांचं गाणं आवडतं, म्हणजे आवड हलकी का?

आधी तुझा प्रश्न थोडक्यात परत लिहिते, म्हणजे दुसरं कुणी वाचत असेल तर त्याला कळेल मी कशाचं उत्तर देतेय. तू गडहिंग्लजची, शिकायला कोल्हापुरात होस्टेलवर राहतेस. रूममेट म्हणतात तुझ्या प्लेलिस्टमधल्या गाण्यांना अर्थच नसतो, तेच चार शब्द फिरून फिरून येतात. तुला तर वाटतं आपल्याला शब्दच महत्त्वाचे आहेत, पण आवडती गाणी वहीत लिहून काढली तर ती अगदीच किरकोळ दिसायला लागतात. आणि उलटं म्हणजे आजोबा पहाटे एक जुनी गवळण गुणगुणतात, तिच्यातले निम्मे शब्द तुला कळत नाहीत तरी भरून येतं. मग अर्थपूर्ण गाणं म्हणायचं कशाला, आणि आपली आवड चांगली की वाईट हे ठरवायचं कसं.

मी मंगळवार पेठेत गेली २९ वर्षं सुगम संगीत शिकवते, त्याआधी काही वर्षं ऑर्केस्ट्रात गायले, आणि लोक कविता आणून देतात त्यांना चाली लावते. क्लासात सगळ्यांनाच अगं-तुगं करते म्हणून तुलाही करते, चालेल ना.

पहिलं म्हणजे गाणं वहीत उतरवून जोखायचं बंद कर. कवितेचं वेगळं, ती कागदावर उभी राहायलाच लिहिलेली असते. गाण्याचे शब्द कागदावर अर्धेच येतात, उरलेलं सगळं श्वासात, ठेक्यात आणि गाणाऱ्याच्या जिभेवर असतं. माझ्याकडं नवीन मुलं आली की पहिल्याच आठवड्यात त्यांना एक ओळ देते, मुद्दाम तेवढ्यासाठी मीच केलेली आहे, 'आता नको जाऊ दूर'. आधी सरळ म्हणायला लावते. मग सांगते 'आता' म्हणून जरा थांबा आणि पुढचं एका श्वासात घ्या. आता, नको जाऊ दूर. कुणीतरी निघालंय आणि दुसरं माणूस दारात उभं राहून अडवतंय, दिसतं की नाही? मग सांगते आता श्वास 'नको'च्या नंतर घ्या. आता नको, जाऊ दूर. झालं, सगळं फिरलं. अडवणारं कुणी राहिलंच नाही, दोघं मिळून निघायचं बोलतायत, इथं नको आता, लांब कुठंतरी जाऊया म्हणून. शब्द तेच चार, एक काना हलला नाही. मागं एक दहावीतला मुलगा हे दोन्ही प्रकारे गाऊन झाल्यावर बराच वेळ पेटीकडं बघत बसला आणि मग म्हणाला, मॅडम पण लिहिणाऱ्याला नक्की काय म्हणायचं होतं? मी म्हटलं ते आता तुला ठरवायचंय, कारण गाणार तू आहेस. त्या दिवसापासनं तो पोरगा कुठलंही गाणं शिकताना वहीत शब्दांच्या मधी पेन्सिलनं बारक्या रेघा मारायला लागला, श्वास कुठं घ्यायचा त्याच्या.

तर 'चार शब्द आहेत फक्त' हे गाण्याबद्दल काहीच सांगत नाही. ते चार शब्द कुठं पडतात ते बघ. केरवा तालाच्या आठ मात्रा, म्हणजे आठ ठोके, असतात, त्यातल्या पहिल्या मात्रेवर, समेवर, कान आपोआप जाऊन बसतो, ऐकणाऱ्याला ताल कळो न कळो. तिथं कुठला शब्द येतो याच्यावर ओळीचं निम्मं काम ठरतं. 'आणि', 'मग', 'तर' असला भरतीचा शब्द समेवर आला की ओळ पोकळ वाजते, आणि तिथंच 'आई' आला, 'घर' आला, कुणाचं नाव आलं की पाठीवर कुणीतरी हात ठेवल्यासारखं होतं. चाल लावताना माझा सगळ्यात जास्त वेळ यातच जातो, सुरांना नाही लागत एवढा. एका बाईंनी आणून दिलेल्या कवितेत 'परतून' हा शब्द होता, तीन दिवस तो काही केल्या समेवर येईना, शेवटी ओळ दीड मात्रा उशिरा उचलली तेव्हा आला. आणि आल्यावर त्या बाईच म्हणाल्या, अहो हे मी लिहिलंय असं वाटतच नाही.

दुसरं म्हणजे आवाज. लांब सूर धरायचा असेल तर ओळीच्या शेवटी आ, ई, ओ पाहिजे, तोंड उघडं राहतं. 'ट' किंवा 'प' वर संपणाऱ्या शब्दावर सूर धरता येत नाही, तो तुटतो, आणि कधी कधी तुटलेलंच पाहिजे असतं म्हणा, भांडणाच्या गाण्यात किंवा लावणीत शेवट असा तोडला की कसा ठसका येतो बघ. आपण बोलताना 'मन' म्हणतो तेव्हा शेवटचा न पाय मोडल्यासारखा असतो, गाताना मात्र त्याच न मधला अ जिवंत होतो आणि शब्द एकदम मऊ होऊन बसतो. 'अंगण', 'उंबरा', 'चिंब' असल्या अनुस्वाराच्या शब्दांत नाकात एक घुमारा येतो, तो कागदावर नुसता टिंब असतो. आणि 'ळ' तर विचारूच नको, 'जवळ' मधला ळ जीभ वळवून नीट म्हटला की ते माणूस खरंच जवळ येतं, 'जवल' म्हटलं की गेलं निघून.

हल्ली मुलांचे उच्चार बिघडलेत म्हणून मी चिडते ते याच्यासाठी. 'जग' हा शब्द घे. दुनिया या अर्थानं म्हणताना ज तालव्य, जीवन मधला असतो तसा, आणि 'तू जग' म्हणताना दंत्य, जहाज मधला असतो तसा. लिहिताना दोन्ही सारखेच. एका मुलीनं कार्यक्रमात दोन्हीकडं एकच ज लावला तेव्हा 'जग' म्हणजे जगायला सांगितलंय हे समोर बसलेल्या कुणाच्या लक्षातच आलं नाही, लोकांनी दुनिया समजून ऐकून घेतलं, आणि त्या एका शब्दासाठी अख्खा अंतरा लिहिला होता. आणखी एक आपल्याकडचं, आपल्या कोल्हापूरच्या मुली बोलताना सर्रास 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात, क्लासच्या दारातनं रोज तेच ऐकते. त्याच मुली गाण्यात 'मी येते' म्हणताना पहिल्या पहिल्यांदा अवघडतात, परक्याचे कपडे घातल्यासारखं करतात. मी त्यांना सांगते ती बाई कोण आहे ते आधी ठरव, तिचं वय किती, ती कुणाला सांगतेय येते म्हणून, मग तुला तो शब्द परका वाटणार नाही.

खरं तर हा प्रश्न, कोण कुणाला बोलतंय, मी प्रत्येक गाण्याला विचारते, आणि अर्थ शोधायला मला तरी याच्यापेक्षा चांगली जागा सापडलेली नाही. सुधीर फडके, म्हणजे बाबूजी, आपल्या कोल्हापूरचे, १९१९ चा जन्म. गदिमांनी लिहिलेलं आणि बाबूजींनी चाली लावलेलं गीतरामायण १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला एक गाणं असं वर्षाहून थोडं जास्त चाललं, एकूण ५६ गाणी. दर आठवड्याला नवीन गाणं लिहायचं, चाल लावायची, बसवायचं, किती घाई असेल विचार कर. तरी त्यातलं कुठलंही गाणं लाव, एका ओळीत तुला कळतं आता कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय आणि कुठल्या क्षणी. कौसल्या बोलते तेव्हा आईच बोलते, तिच्या तोंडी पंडिताचे शब्द येत नाहीत. रामकथा सगळ्यांना पाठ होती की, तरी लोक रेडिओला कान लावून बसायचे. गोष्टीत पुढं काय होणार ते माहीतच होतं, त्यांना त्या माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं.

आता 'दिसणं' याच्याबद्दल बोलते, कारण माझ्या मते सगळ्यात मोठा घोळ इथं होतो. लोकांना वाटतं प्रेम, विरह, जीवन, नियती असले मोठे शब्द आले की गाणं अर्थपूर्ण. तुकोबांची ओळ बघ, 'सुंदर ते ध्यान उभे विटेवरी, कर कटावरी ठेवोनियां'. अक्षरं मोज. पहिले तीन तुकडे सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, आणि दुसऱ्या-तिसऱ्याला यमक, विटेवरी, कटावरी. मोठ्या अभंगाची बांधणी अशी असते. आणि आत काय आहे? कुणीतरी उभं आहे, विटेवर आहे, हात कमरेवर आहेत. बास. भक्ती हा शब्द नाही, श्रद्धा नाही, मोक्ष नाही. तरी पंढरपूर न बघितलेल्या माणसाच्या डोळ्यापुढंसुद्धा ते उभं राहतं. आणि तो शेवटचा चार अक्षरांचा तुकडा आखूड असतो म्हणून तिथं भजनात टाळाला जागा मिळते, श्वास मिळतो, सगळे एकदम त्याच्यावर येतात. माझे वडील उद्यमनगरात लेथवर काम करायचे आणि गुरुवारी भजनात पखवाज वाजवायचे. दिवसभर कानात मशीनचा आवाज असायचा पण ते म्हणायचे अभंगाच्या चौथ्या तुकड्याला हात आपोआप पडतो, मोजायला लागत नाही. छंदाचं नाव त्यांना माहीत नव्हतं, पण तो त्यांच्या हातात होता.

म्हणून तुझ्या प्लेलिस्टमधलं एखादं गाणं घे आणि बघ, त्यात डोळ्यांना दिसणारं काय आहे. दार, कप, भिजलेली चप्पल, बंद पडलेली गाडी, काहीही. एक जरी गोष्ट खरोखर दिसली तर ते गाणं साधं असलं तरी पोकळ नाही. पोकळ गाणी असतात, भरपूर असतात, त्याबद्दल मी उगीच गोड बोलणार नाही. चांदणं, पाऊस, आठवण, श्वास, क्षण हे पाच शब्द घ्यायचे, खाली-वर करायचे आणि गाणं झालं म्हणायचं, असली गाणी माझ्याकडं दर महिन्याला चालीसाठी येतात. मी त्यांना एकच गोष्ट करून दाखवते, पहिला अंतरा दुसऱ्या जागी ठेवते आणि दुसरा पहिल्या. काहीच बिघडलं नाही तर त्या गाण्यात काही घडतच नव्हतं. चांगल्या गाण्यात अंतरा बदलला की कोडं पडतं, कारण पहिल्या अंतऱ्यात माणूस एका जागी असतो आणि दुसऱ्यात तिथनं हललेला असतो. आरती, नामाचं भजन, पाळणा यांना हे लागू होत नाही हां, त्यांचं काम वेगळं आहे, ती गाणी पुढं जायला नसतातच, एका जागी माणसाला धरून ठेवायला असतात. पाळण्यात तेच तेच येतं म्हणूनच बाळ झोपतं.

तुझ्या रूममेटच्या 'तेच चार शब्द' या आक्षेपाला मला खरं उत्तर आपल्या गावानंच दिलं. अल्लादिया खाँसाहेब, जयपूर-अत्रौली घराण्याचे, १८५५ ते १९४६, शाहू महाराजांच्या दरबारात गायक म्हणून कोल्हापुरात राहिले. आपली देवल क्लब ही गाण्याची संस्था १८८३ ची. म्हणजे या गावात ख्याल, रागदारी गाणं, ऐकायची सवय किती जुनी आहे बघ. ख्यालाची बंदिश केवढी असते? दोन ओळी अस्ताईच्या, म्हणजे मुखड्याच्या, दोन अंतऱ्याच्या, त्यात बऱ्याचदा सासू-नणंद, पिया, नाहीतर देव. तेवढ्यावर तासभर गायचं आणि लोक तासभर हलत नाहीत. तिथं शब्द खुंटीसारखा असतो, सगळा पसारा त्याला अडकवलेला. आणि त्याच गावात शाहीर पिराजीराव सरनाईकांसारखे शाहीर डफ घेऊन पोवाड्याला उभे राहायचे, तिथं एक शब्द ऐकू आला नाही तर सगळं फुकट, कोण कुठल्या वाटेनं गेलं, कुणी कुणाला गाठलं, हे गर्दीतल्या शेवटच्या माणसाला कळलंच पाहिजे. म्हणून झीलकरी मागनं जी जी करत झील धरतात तेव्हा शाहिराला श्वासही मिळतो आणि ऐकणाऱ्याला आधीची ओळ पचवायला वेळही. ख्यालात पोवाड्यासारखे शब्द घातले तर चालणार नाही आणि पोवाड्यात ख्यालासारखा एक शब्द वीस मिनिटं घोळवला तर लोक उठून जातील. आता यातलं अर्थपूर्ण कुठलं हा प्रश्नच बरोबर नाही ना. तुझी आवडती गाणी बहुतेक नाचायची किंवा रात्री हेडफोन लावून पडायची असतील, त्यांना पोवाड्याच्या मापानं मोजू नको.

हळदी गावात १९३२ साली जन्मलेले आपले जगदीश खेबूडकर पेशानं शिक्षक, आणि त्यांनी ठसकेबाज लावणीही लिहिली आणि देवाचं गाणंही. सिनेमात कितीतरी वेळा चाल आधी तयार असते आणि शब्द नंतर बसवायचे असतात, म्हणजे मात्रा ठरलेल्या, कुठं लांब सूर आहे ते ठरलेलं, आणि त्या साच्यात बाईचं मन बसवायचं. ज्यानं हे एकदा तरी करून बघितलंय तो सोप्या शब्दांना कधी नावं ठेवणार नाही. अवघड शब्द टाकून मात्रा भरणं सोपं असतं. घरात बोलतात तसलं वाक्य बरोबर त्याच मात्रांत बसवणं, तेही ओढाताण न दिसता, याला वर्षं जातात.

आता आवडीचं. आवड आपण निवडतो असं वाटतं, पण आधी ती आपल्याला लागते, वास लागतो तशी. माझी आवड स्वयंपाकघरातल्या रेडिओवर तयार झाली, सांगली आकाशवाणी लागायची, आई भाकरी थापता थापता मधीच हात थांबवायची एखाद्या ओळीला, आणि मी ती ओळ लक्षात ठेवायची कारण आईचा हात थांबला होता. शब्द कळायचं वयच नव्हतं माझं. कुणाची आवड गणपतीच्या मंडळात तयार होते, दहा दिवस तेच स्पीकर. कुणाची केएमटी बसच्या खिडकीत. गाळपाच्या हंगामात रात्री उसाच्या ट्रॉल्या घेऊन ट्रॅक्टर जातात ना मोठ्यानं गाणी लावून, त्या ड्रायव्हरला झोप येऊ नये म्हणून ती गाणी असतात, आणि रस्त्याकडेच्या घरातलं एखादं पोरगं अंथरुणात पडून तीच ऐकत मोठं होतं. माझ्याकडं असा एक मुलगा होता, त्याला कुठलंही संथ गाणं लांबनं आल्यासारखं आणि लांब गेल्यासारखं गायची सवय होती, सुरुवातीला हळू, मधी मोठं, शेवटी परत हळू. मी विचारलं हे कुठनं शिकलास, तर म्हणाला आमच्या घरावरनं ट्रॅक्टर जातात, गाणं असंच असतंय की. मी त्याचं ते मोडलं नाही.

साधारण बारा ते बावीस या वयात जे कानावर पडतं ते जन्मभर चिकटतं, हे मी एवढ्या वर्षांत हजार वेळा बघितलंय. साठीच्या बायका क्लासला येतात, नवीन गाणं शिकवलं तर आठवडाभरात विसरतात, कॉलेजातल्या वेळचं गाणं चारही अंतऱ्यांसकट पाठ असतं. म्हणून तुला आत्ता जे आवडतंय ते तुझ्याबरोबर राहणारच आहे, रूममेट काही म्हणू देत. फक्त एक ध्यानात ठेव, आवडीला आकार देणाऱ्या गोष्टी बाहेरच्या पण असतात. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण साडेतीन मिनिटं मावायची, आपल्या भावगीताचा एक मुखडा आणि दोन-तीन अंतरे हा आकार त्या मापात घट्ट झाला. आता मोबाईलवर लोक पहिल्या काही सेकंदांत गाणं पुढं ढकलतात म्हणून सुरुवातीचं संगीत आखूड झालंय, मुखडा लगेच येतो आणि सारखा परत येतो. म्हणजे ते 'तेच चार शब्द' काही प्रमाणात या अंगठ्याच्या भीतीनं आलेत. आणि अ‍ॅप तुला एक गाणं आवडलं की त्याच्यासारखीच वीस देतं, त्यामुळं तुझी आवड अरुंद झाली असेल तर त्यात सगळा दोष तुझा नाही.

आवड रुंदावता येते, आणि ते जबरदस्तीनं होत नाही. 'चांगली' गाण्यांची यादी मिळवून ऐकायला बसलीस तर औषध घेतल्यासारखं होईल. त्यापेक्षा ज्या माणसावर तुझा जीव आहे त्याला त्याचं एक गाणं माग आणि ते एकच गाणं पंधरा दिवस ऐक, दिवसातनं एकदा, दुसरं काही न करता. तीन-चार दिवस कंटाळा येईल. मग एके दिवशी गाणारा एका शब्दावर जरासा रेंगाळतो ते ऐकू येईल, आधी आलं नव्हतं ते. तिथनं गाणं उघडतं. माझ्या मुलाच्या फोनमधलं रॅप मी असंच ऐकलं, पहिला आठवडा नुसती बडबड वाटली, नंतर लक्षात आलं की तो पोरगा यमक ओळीच्या शेवटी न ठेवता मधी ठेवतोय आणि प्रत्येक वेळी श्वास चोरून घेतोय, घाईत असलेल्या माणसासारखा, कारण गाण्यातला माणूस खरंच घाईत आहे. त्याच्या ठेक्यावर शब्द किती जपून बसवलेत ते बघून मला आनंद झाला.

एका गोष्टीत मात्र मी सांभाळून घेत नाही. चाल गोड असली की शब्द कसलेही खपतात, आणि बाईला वस्तूसारखं बोललेलं आपण गुणगुणत राहतो. एका शाळेच्या गॅदरिंगला आठवीच्या मुलींना बसवायला असलं गाणं दिलं होतं, मी नाही म्हटलं, ते काम गेलं. ऐकायला बंदी घाल म्हणत नाही, पण आपण काय म्हणतोय ते एकदा चाल काढून, बोलल्यासारखं, आपल्याच आवाजात म्हणून बघ. तोंड अडलं तर अडू दे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मला कुणी शिकवलं नाही. दरवर्षी आषाढात मी क्लासला पावसाचं एक आनंदी गाणं घेते, पाणी आलं, ओढे भरले, अंगण भिजलं असं. सगळ्यांचं आवडतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे, त्या वर्षी पाणी ५५ च्या वर गेलं. माझी एक विद्यार्थिनी नदीकडच्या सखल गल्लीत राहायची, घरात छातीएवढं पाणी होतं आठ-नऊ दिवस. सप्टेंबरात क्लास सुरू झाला, तिची पेटी फुगून गेली होती, पट्ट्या वर येत नव्हत्या, भात्यातनं चिखलाचा वास यायचा. मी काही विचार न करता तेच गाणं सुरू केलं, नेहमीचं म्हणून. ती दुसऱ्या ओळीला थांबली. बाकीच्या गात होत्या. मग म्हणाली, मॅडम हे नको. ते गाणं त्या वर्षी कुणीच गायलं नाही, पुढच्या वर्षीही नाही. २०२१ ला परत पूर आला, त्यानंतरच्या आषाढात तिनंच वही काढली आणि म्हणाली घेऊया. पण ती निम्म्या लयीत गायली, आणि 'अंगण' या शब्दावर, जिथं आम्ही आधी उडी मारून पुढं जायचो, तिथं ती थांबली, पूर्ण दोन मात्रा. मी पेटीवर नुसता सूर धरून राहिले. तेच गाणं, लिहिणाऱ्यानं आनंदानं लिहिलेलं, त्यातलं अंगण म्हणजे तिचं अंगण झालं होतं, जिथनं तिनं गाळ काढला होता. आता आम्ही ते गाणं तिच्याच लयीत घेतो. नवीन मुलींना मी कारण सांगत नाही, फक्त 'अंगण'वर दोन मात्रा थांबायला सांगते, आणि त्या थांबतात.

म्हणून तू जेव्हा म्हणतेस की शब्द किरकोळ आहेत तरी मला आवडतं, तेव्हा मला वाटतं त्या गाण्यात तुझं काहीतरी आहे, होस्टेलची पहिली रात्र असेल, एखादी मैत्रीण असेल, घरनं निघाल्यावर एसटीत ऐकलेलं असेल. ते काय आहे ते तुलाच शोधायला लागेल, रूममेटला दिसणार नाही.

आणि आजोबांची गवळण. तिच्यातले जुने शब्द लगेच शोधत बसू नको, अर्थ मिळेल पण तुला भरून येतं ते त्या अर्थानं येत नाही. दिवाळीला घरी जाशील तेव्हा पहाटे उठून त्यांच्याजवळ बस, आणि त्यांना हे विचार की ही गवळण पहिल्यांदा कुणाकडनं ऐकली, कुठं, तेव्हा ते किती वर्षांचे होते. आणि ते गुणगुणताना कुठल्या शब्दावर लांबवतात ते बघ, रोज त्याच शब्दावर लांबवत असतील. तो शब्द मला कळव. जमलं तर फोनवर रेकॉर्ड करून ठेव, पंखा बंद करून.